खतीबचाचांची चूक

खतीबचाचा लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे बघत नाहीत. हॉलभर फिरून कोण माणूस कुठल्या व्हिसावर आला आहे, ते मनातल्या मनात तपासतात. मनातल्या मनातच राहिलं तर बरं. पण एकदा इथे बहरीनच्या मराठी मंडळींच्या गणपतीला ते मोदक खायला आले होते, दरवर्षी येतात, आणि आरती संपते न संपते तोच माझ्या आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे भटजी व्हिसाच्या कार्डावर एसी टेक्निशियन आहेत. उद्या कुणी धरलं तर काय सांगतील, गॅस भरत होतो?"

कुजबुजणं हा चाचांचा प्रांत नाही. भटजींनी ऐकलं. इतरांना दोन दोन मोदक मिळाले, चाचांना एक.

पूर्ण नाव अब्दुलगनी खतीब. गाव रत्नागिरीचा राजिवडा. बहरीनला येऊन तीसेक वर्षं झाली. सलमाबादच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे दुकानांची आणि व्हिलांची लाकडी कामं होतात, आणि बाहेरून माणूस आणायचा तर त्याचे व्हिसाचे कागद चाचा करतात. त्या अर्जात एक चौकोन असतो: हुद्दा. सरकारी यादीतून हुद्दा निवडायचा, त्यापुढचा आकडा त्या चौकोनात टाकायचा. बाकी जगात हे काम पाच मिनिटांचं आहे. चाचांना त्याला आठवडा लागतो. "नाव आईबाप ठेवतात, हुद्दा मी ठेवतो," असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा बारशाला आलेल्या आत्यासारखा असतो.

ती यादी आता कॉम्प्युटरवर आहे. चाचांकडे मात्र फार जुनी छापील प्रत आहे. कारखान्यातल्या सोफेवाल्याकडून त्यांनी तिला तपकिरी रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं आहे, त्यामुळे ती यादी कमी आणि छोटा सोफा जास्त वाटते. मी कॉम्प्युटरमध्ये बघते, ते सोफ्यात बघतात. दोन्हीकडे वेगळं निघालं की कॉम्प्युटर आपली चूक कधी कबूल करतो याची ते शांतपणे वाट पाहतात.

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "तू काय आहेस?"

मी इंग्रजी शाळेत शिकले. या प्रश्नावर आम्हाला दरवर्षी निबंध असायचा. पण प्रत्यक्ष कुणी विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी कसंबसं म्हणाले की मी त्यांना मदत करायला आले आहे, हेल्प करायला.

तो शब्द मी उच्चारायला नको होता. हेल्पर हा हुद्दा चाचांना शिवीसारखा लागतो. हेल्पर म्हणजे काय, कुणाचा हेल्पर, कशात हेल्पर, अल्लाने एक तरी माणूस नुसता हेल्पर म्हणून घडवला आहे का, असं त्यांनी मला पंधरा मिनिटं विचारलं. मग माझ्या आईला फोन करून, मी घरी कुठली कामं न सांगता करते, याची चौकशी केली. आई म्हणाली की पोरगी एका जागी तासनतास बसते आणि बोलत नाही. तीन दिवसांनी मी डेटा एंट्री क्लार्क झाले. आजवर माझं इतकं अचूक वर्णन कुणी केलेलं नाही.

आईला फोन करणं ही त्यांची पद्धतच आहे. एजंटकडून येणाऱ्या अर्जांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्या अर्जांत प्रत्येकाला पाच वर्षांचा अनुभव असतो आणि प्रत्येकजण कष्टाळू व प्रामाणिक असतो. चाचा म्हणतात, एवढी कष्टाळू माणसं असती तर आपल्याला नोकरी कुणी दिली असती? म्हणून ते माणसाला फोन करत नाहीत, त्याच्या घरी करतात. एकाने स्वतःला फर्निचर डिझायनर म्हणवलं होतं. त्याच्या आईने कौतुकाने सांगितलं की पोराने शेजारची खाट दुरुस्त केली, दोन दिवस चांगली राहिली. तो असिस्टंट कार्पेंटर म्हणून आला. दुसरा अर्जात फोरमन होता, त्याच्या बायकोला चाचांनी विचारलं, हा दहा माणसं हाताळतो काय? ती हसली. "बायको हसली की फोरमन खलास," चाचांनी मला शिकवलं आणि तो शब्द खोडला.

या सगळ्याचा ज्यांना ताप होतो ते आमचे मॅनेजर, कुरियनसाहेब. त्यांच्या मते सगळ्यांना हेल्पर करून टाकावं आणि काम सुरू करावं. "चाचा, हेल्पर डालो ना, क्या फरक पडता है." त्यावर चाचा त्यांना तपासणीच्या गोष्टी सांगतात. कार्डावर एक आणि हातात दुसरंच काम सापडलं की काय काय होतं, कुठल्या कंपनीत वेटर फरशा बसवताना सापडला, मग त्या कंपनीच्या दाराला कुलूप कसं लागलं. त्या कंपनीचं नाव दर वेळी वेगळं असतं, पण कुलूप तेवढंच मोठं. गोष्टींचा परिणाम असा झाला की एकदा आमच्या चहावाल्याने वाटेतली शिडी बाजूला करायला घेतली, तर कुरियनसाहेब धावत गेले आणि ती त्याच्या हातून काढून त्यांनी स्वतः उचलली. चाचा खिडकीतून बघत होते. ते म्हणाले, "साहेब, आपके कार्ड पे मॅनेजर है." कुरियनसाहेबांनी शिडी तिथेच सोडली. ती दोन दिवस वाटेत पडून होती, कारण तिला हात लावायचा हुद्दा कुणाचा, ते ठरत नव्हतं.

तीस वर्षांत एकही कोड चुकला नाही, हे चाचा पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतात. आणि त्यातला सगळ्यात बरोबर कोड कुठला, हेही विचारायच्या आधी सांगतात: दत्ता मेस्त्री, कार्पेंटर, फर्निचर.

दत्ताराम मेस्त्री लांज्याचे. चाचांनंतर वर्षभराने आले, त्यांचा अर्ज चाचांनीच भरलेला. रोज एक वाजता ते खालच्या कारखान्यातून डबा घेऊन वर येत आणि दोघं चाचांच्या टेबलावर जेवत. जेवणं म्हणजे भांडणं. बांगडा कुणाकडचा ताजा, राजिवड्याची माणसं आळशी की लांज्याची चिवट, यावर तीस वर्षांत निकाल लागलेला नव्हता. चाचा त्यांना दत्ता म्हणत. ते चाचांना आनंदात असले की गनीशेठ आणि रागात असले की खतीब म्हणत. मी कोपऱ्यात माझी पोळी खात असे. मी बोलत नाही म्हणून माणसं माझ्यादेखत काहीही बोलतात, फायलींच्या कपाटासमोर बोलावं तसं.

मग अमवाज आयलंड्सवरच्या एका व्हिलात मेस्त्रींनी बसवलेल्या कपाटांची दारं बोटभर तिरकी निघाली. मेस्त्री म्हणाले, भिंत वाकडी आहे. कुरियनसाहेबांनी ते मान्य केलं, कारण मेस्त्रींची दारं वाकडी असण्यापेक्षा अमवाज बेट वाकडं असणं जास्त शक्य होतं. चाचा मात्र, ज्यांचा भिंतींशी काही संबंध नाही, टॅक्सी करून ती भिंत बघून आले. आल्यावर काही बोलले नाहीत. चाचा काही बोलले नाहीत, हे वाक्य मी त्याआधी कधी लिहू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद देऊन मला खाली पाठवलं. मेस्त्रींची सही आण आणि ते कुठे सही करतात ते बघ, म्हणाले. मेस्त्रींनी रेषेवर सही केली नाही, वरच्या मजकुरावरच केली. आणि मी जिन्यावरून परत बघितलं तेव्हा ते करवतीच्या मशीनपाशी उभे होते. सुरू करण्याआधी बोटांनी चाचपून पातं कुठे आहे ते शोधत होते.

त्या शुक्रवारी चाचा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. शनिवारी डबे उघडले गेले, पण बांगड्याचा विषय निघाला नाही. एक डोळा जवळजवळ गेला होता. दुसरा औषधाने टिकेल, पण गेलेलं परत यायचं नाही. चाचा म्हणाले, आजपासून मशीनला हात लावायचा नाही. कुरियनसाहेबांना सांगून दुसरं काम माग.

"आणि साहेबाने विचारलं तर काय सांगू?" मेस्त्री म्हणाले. "आंधळा सुतार कोण ठेवतो? त्याच दिवशी तिकीट देईल हातात. पोरगी नर्सिंगला आहे, खतीब. अजून तीन वर्षं आहेत तिची. तेवढी काढू दे मला."

"बोटं गेली म्हणजे?"

"दहा आहेत."

हा विनोद होता. कुणी हसलं नाही. मेस्त्रींनी डब्यावर हात ठेवून चाचांकडून वचन घेतलं की हे कुणाला कळता कामा नये. मग मेस्त्री खाली गेले आणि थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला. तो आवाज थांबेपर्यंत चाचांनी एकही कागद उलटला नाही. त्यानंतर हे रोजचंच झालं. मशीन बंद पडलं की चाचा आधी खिडकीपाशी जात आणि मेस्त्री दोन्ही हातांनी बिडी पेटवताना दिसले की परत येऊन बसत.

महिनाभरात मेस्त्रींच्या व्हिसाचं नूतनीकरण आलं. हे काम म्हणजे जुनी माहिती तपासायची आणि बटण दाबायचं. मी बटण दाबणार तेवढ्यात चाचा म्हणाले की हुद्दा परत टाक. आणि आकडा सांगू लागले. मला मराठी आकडे नीट कळत नाहीत म्हणून ते नेहमी एक एक अंक सुटा सांगतात. मी टाकले. स्क्रीनवर शब्द उमटला: स्टोअरकीपर.

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, "वाच."

मी वाचलं.

"बरोबर. दाब." मी दाबल्यावर त्यांनी रेक्झिनचं पुस्तक मिटलं. "चूक झाली," ते म्हणाले. "कुणाची, विचारतील. माझी, सांगायचं. तू मी सांगितलं ते टाकलंस. कळलं काय, बाय?"

मला कळलं. मी मान हलवली.

चार दिवसांनी ते कुरियनसाहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी धक्का आणि मग जो आनंद दिसला, तो मी त्यांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हाही पाहिला नव्हता. आधी ते माझ्याकडे वळले. माझ्या मराठी आकड्यांची कीर्ती ऑफिसभर आहे, त्यामुळे दोष माझ्यावर अगदी बेतल्यासारखा बसला असता. चाचांनी मान वर न करता सांगितलं, "मैंने बोला, उसने डाला. गलती मेरा है."

मग दुरुस्त करा, साहेब म्हणाले. करू की, चाचा म्हणाले, आणि दुरुस्तीला काय लागतं ते शांतपणे सांगू लागले. चूक का झाली याचं पत्र लागेल. हा माणूस नक्की काय करतो हे बघायला एखादा इन्स्पेक्टर येईल, इंशाल्ला. आला की तो इतरही माणसं काय करतात ते बघेलच. कुरियनसाहेबांच्या डोळ्यांसमोर ती शिडी उभी राहिली असावी. रहने दो, ते म्हणाले, पुढच्या नूतनीकरणात बघू.

"तोवर दत्ताने मशीनला हात लावायचा नाही. हातोडी पण मफी, नाही म्हणजे नाही," चाचा म्हणाले. "कार्डावर स्टोअरकीपर आहे."

अशा रीतीने कारखान्याला पहिल्यांदा स्टोअरकीपर मिळाला. तोवर स्टोअर सगळ्यांचं होतं, म्हणजे खिळे कुणालाच सापडत नसत.

मेस्त्री त्याच दुपारी वर आले. हातात डबा नव्हता. दारातच उभे राहिले. साहेब, हिशेबनीस, चहावाला, सगळे होते. ते चाचांना म्हणाले, "तीस वर्षांत एक आकडा चुकला नाय. आणि चुकला तो माझाच?"

"होय."

"मेल्या, तू चुकत नायस. सुताराच्या हातातली करवत काढून त्याला खिळे मोजायला बसवलास. कोण सांगितलं होतं तुला?"

पुढचं त्यांना बोलता येत नव्हतं. बोलले असते तर डोळ्यांचं बाहेर आलं असतं. चाचांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हातारा झालो, दत्ता. आकडा दिसला नाही मला. डोळे गेले माझे."

सगळे हसले. तीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येकाला हुद्द्यावरून बोलून घेतलं, त्याचं हे ऐकायला मिळणं म्हणजे सणच होता. मेस्त्री हसले नाहीत. थोडा वेळ ते चाचांच्या दिशेने बघत राहिले, आणि मग भिंतीला हात लावत खाली गेले. त्यानंतर एक वाजता वर कुणी आलं नाही.

चाचांच्या चुकीचा ऑफिसला बराच उपयोग झाला. कुरियनसाहेब त्यांचा प्रत्येक अर्ज स्वतः तपासू लागले. फोन करायची पद्धत बंद झाली. चाचांनी काही आक्षेप घेतला की साहेब प्रेमाने विचारत, "चश्मा नया लिया क्या, चाचा?" पहिल्या वर्षात आमच्याकडे तीन हेल्पर आले. त्यातला एक उत्तम पॉलिशवाला होता, चाचांनी त्याचा हात बघताच ओळखलं. तोंड उघडलं आणि मिटलं. पाहुण्यांना आता ते आधी पाणी देत.

मला त्यांचा रागही यायचा. एवढंसं खरं सांगितलं असतं, निदान मेस्त्रींशी एकांतात बोलले असते तर काय बिघडलं असतं? एकदा धीर करून मी तसं अर्धंमुर्धं म्हणालेही. ते म्हणाले की दत्ताला सगळं ठाऊक आहे, म्हणून तर बोलत नाही. आणि टेबलाची त्याची बाजू रिकामी ठेवून, आपल्या बाजूला अंग चोरून, जेवत राहिले.

दोन वर्षं गेली. पुन्हा नूतनीकरण आलं. कारखान्यात सुतार कमी पडत होते, त्यामुळे कुरियनसाहेब विसरले नव्हते. अर्जाला त्यांनी पिवळी चिठ्ठी लावून पाठवली: मेस्त्री, परत कार्पेंटर करणे. मेस्त्रींच्या पोरीचं नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं. चाचांनी तो अर्ज तीन दिवस टेबलावर ठेवला. सोमवारी साहेबांकडे जाऊन आले, हात हलवत परतले. दुसऱ्यांदा चूक करायची तर आता साहेब आधी तपासत होते. एकच वाट होती. कामगाराने स्वतः लिहून द्यायचं, की मला हाच हुद्दा हवा आहे. पण हे मेस्त्रींना सांगणार कोण?

मी. मी खाली गेले. स्टोअरमध्ये सगळ्या बरण्या आकारावरून लावलेल्या होत्या, झाकणांवर हाताला कळतील अशा खाचा पाडलेल्या. मी पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं, तेही अर्धं इंग्रजीत. पिवळी चिठ्ठी, एक वर्ष, सही. मेस्त्री म्हणाले, बरं. एवढंच. मला वाटलं, झालं.

बुधवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली, हळू, एकेक पायरी मोजल्यासारखी. मेस्त्री आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. चाचा चार हातांच्या अंतरावर बसलेले.

"बाय," मेस्त्री मला म्हणाले, "त्या खतीबाला सांग, कागद काढ म्हणावं."

चाचांनी कागद काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, आधी वाचून घे, मग सही कर. मागाहून ऐकणार नाही."

"त्याला सांग, वाचता येत नाही मला."

हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. मी दोघांपैकी कुणालाच काही सांगितलं नाही. मी उठले, पाण्याची बाटली घेतली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग, खरं सांगायचं तर, तिथेच उभी राहिले.

आत खुर्ची सरकली. मग चाचा वाचू लागले, कुठलाही अर्ज वाचतात तशाच कोरड्या आवाजात. नाव, दत्ताराम. वडिलांचं नाव. गाव, लांजा. जन्मतारीख, ती त्यांनी दोनदा वाचली, बहुधा दोघांपैकी कुणालाच ती एवढी जुनी वाटली नव्हती. पासपोर्टचा नंबर, एक एक अंक सुटा. हुद्दा, ते म्हणाले, आणि थांबले.

आत पंखा फिरत होता. चाचा पुढचा शब्द वाचेनात.

"स्टोअरकीपर," मेस्त्री म्हणाले. "पुढं वाच, गनीशेठ."